नाताळ शुभेच्छापत्रे, हस्तनिर्मित

नाताळ (२५ डिसेंबर) व त्यालाच लागून येणारे ख्रिस्ती नववर्ष यांनिमित्त आप्तेष्टांस पाठविण्यासाठी डाय, ठसे व स्टेन्सिल या साधनांच्या साहाय्याने हाताने तयार केलेली सचित्र पत्रे. जाड कागदाची एक घडी, तिच्या दर्शनी बाजूस हिवाळ्याशी वा सणाशी निगडित चित्र आणि आत चार शब्दांचा शुभसंदेश, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. ‘हस्तनिर्मित’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने घ्यावी लागते. चित्राचा आकार पुष्कळदा करणाऱ्याचा नसतो. तो ठशात वा डायमध्ये आधीच ठरलेला असतो. कागदाची निवड, रंगांचा क्रम, दाबाचा अंदाज व जुळवणी एवढ्या गोष्टी हाताकडे उरतात. या पत्रांचा इतिहास म्हणजे बव्हंशी हात आणि साधन यांच्यातील कामाच्या वाटणीचा इतिहास होय. आणि ही वाटणी गेल्या पावणेदोनशे वर्षांत एकापेक्षा अधिक वेळा उलटली आहे.

पहिले व्यापारी नाताळपत्र १८४३ मध्ये लंडन येथे निघाले. ते काढणारे हेन्‍री कोल (१८०८–८२) हे सरकारी अधिकारी होते व रोलंड हिल यांच्या टपालसुधारणेत त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले होते. १८४० मध्ये सुरू झालेल्या एक पेनी दराच्या टपालामुळे पत्रलेखन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. मात्र त्यामुळेच सणाच्या दिवसांत सर्वांना उत्तरे लिहिणे व्यस्त माणसाला अशक्य होऊन बसले. यावर तोडगा म्हणून कोल यांनी आपले चित्रकार मित्र जॉन कॅल्कट हॉर्स्‌ली (१८१७–१९०३) यांच्याकडून एक चित्र काढून घेतले. मध्यभागी मेजाभोवती बसून मद्याचे पेले उंचावणारे एक कुटुंब, एका बाजूस भुकेलेल्यांना अन्न व दुसऱ्या बाजूस गरजूंना वस्त्रे देणारी माणसे, सभोवार द्राक्षवेलींची चौकट अशी त्याची रचना होती. कुटुंबातील एका लहान मुलीच्या तोंडाशी पेला लावलेला दाखविल्यामुळे मद्यपानविरोधी मंडळींनी त्यावर टीका केली. सु. १३ × ८ सेंमी. आकाराच्या या पत्राच्या सु. एक हजार प्रती शिळामुद्रणाने छापण्यात आल्या आणि त्या प्रत्येकी एक शिलिंग या दराने विकल्या गेल्या. एका शिलिंगात त्या काळी बारा पत्रे टपालाने जात, हे लक्षात घेता ही वस्तू गरिबांसाठी नव्हती, हे उघड आहे. कोल यांनी आपल्या आजीला पाठविलेल्या प्रतीस २००१ मध्ये इंग्‍लंडमधील एका लिलावात सु. २०,००० पौंड किंमत आली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब अशी, की या पहिल्याच पत्रात केवळ रेषा छापलेल्या होत्या. रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरलेले होते. म्हणजे यंत्राने बाह्याकृती पुरवावी व हाताने ती पुरी करावी, ही आजच्या छंदातील विभागणी नाताळपत्राच्या जन्मापासूनच अस्तित्वात आहे. विल्यम मॉ एग्‍ली या चित्रकाराने केलेले एक कोरीव पत्र कोल यांच्या पत्राहून जुने असल्याचे काही काळ मानले जात असे. त्यावरील वर्षाचा शेवटचा अंक अस्पष्ट असल्याने तो ‘२’ की ‘८’ असा वाद होता. आता ते वर्ष १८४८ असल्याचे सामान्यतः मान्य झाले आहे.

डाय व उठावाचे काम : नाताळपत्रांनी आपले तंत्र फार मोठ्या प्रमाणावर व्हॅलेंटाइन दिनाच्या (१४ फेब्रुवारी) प्रेमपत्रांकडून उसने घेतले. पोलादी वा पितळी डायवर आकृती खोल कोरावयाची, तिला जुळणारा उठावाचा प्रतिसाचा तयार करावयाचा आणि किंचित ओलसर कागद दोहोंमध्ये ठेवून मळसूत्री दाबयंत्राने दाबावयाचा, ही उठावाची पद्धत लंडनमधील डॉब्झ यांच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उच्च दर्जास नेली होती. त्याच कारखान्यातील जोझेफ ॲडनब्रुक या कामगाराने १८३४ च्या सुमारास उठावाच्या कागदाचे उंच भाग कानशीने घासून पाहिले. तेथे बारीक छिद्रे पडली व कागदाला लेसचे रूप आले, असे सांगतात. कागदी लेस ही तेव्हापासून शुभेच्छापत्रांची ओळखीची शोभा बनली.

अमेरिकेत या कागदी लेसला मोठी बाजारपेठ मिळवून दिली ती मॅसॅचूसेट्स राज्यातील वुस्टर येथील एस्थर हौलंड (१८२८–१९०४) या तरुणीने. तिचे वडील कागद व लेखनसामग्रीचे व्यापारी होते. १८४७ मध्ये शिक्षण पुरे करून घरी आल्यावर इंग्‍लंडहून आलेले एक लेसदार पत्र तिने पाहिले आणि तशी पत्रे स्वतः करून भावाच्या हाती नमुने दिले. दोनशे डॉलरच्या मागणीची तिला आशा होती. परत येताना भावाने पाच हजार डॉलरहून अधिक मागणी आणली, अशी कथा प्रचलित आहे. आकडे बाजूला ठेवले, तरी तिने बसविलेली कामाची पद्धत निश्चितपणे माहीत आहे. घरातील लांब मेजाभोवती मैत्रिणी बसत. एक चित्रे कापी, दुसरी कागदाचे थर लावी, तिसरी गोंदाने चिकटवी. पुढे मागणी वाढल्यावर स्त्रियांच्या घरी एक नमुना व सर्व सुटे भाग भरलेली पेटी पाठविली जाई आणि आठवड्याने तयार माल गोळा केला जाई. हौलंड यांनी १८८१ मध्ये हा व्यवसाय जॉर्ज व्हिट्‌नी यांना विकला. घराबाहेर पडून कारखान्यात काम करणे ज्या स्त्रियांना शक्य नव्हते किंवा मानवणारे नव्हते, त्यांना यातून रोख पैसा मिळाला, ही त्याची एक बाजू. पत्र विकत घेणाऱ्याला मात्र ते जणू प्रेमानेच केलेले वाटावे अशी अपेक्षा असे. त्यामागचे बोटांचे काम कोणाचे, हे त्यावर कोठेही लिहिलेले नसे. व्यापारी हस्तनिर्मितीतील ही विसंगती त्या काळी फारशी कोणाला खुपल्याचे दिसत नाही.

छपाईचा वरचष्मा : १८७० मध्ये इंग्‍लंडात टपालपत्रे व उघडी छापील पत्रे यांसाठी अर्धा पेनी दर सुरू झाला आणि नाताळपत्र खऱ्या अर्थाने सार्वत्रिक झाले. १८८० मध्येच तेथील टपालखात्यावर ‘नाताळची पत्रे लवकर टाका’ असे आवाहन करण्याची वेळ आली. मार्कस वॉर्ड, राफाएल टक यांसारख्या प्रकाशकांनी नामांकित चित्रकारांकडून चित्रे घेतली. केट ग्रीनअवे (१८४६–१९०१) हिची बालचित्रे याच मार्गाने प्रथम लोकांपुढे आली. बॉस्टन येथे लूइस प्रँग (१८२४–१९०९) या जर्मन निर्वासित मुद्रकाने रंगीत शिळामुद्रणात इतकी प्रगती केली, की एका चित्रासाठी वीस व क्वचित त्याहूनही अधिक दगड वापरले जात. १८७४ च्या सुमारास त्याने नाताळपत्रे काढण्यास आरंभ केला. १८८० पासून त्याने चित्रस्पर्धा भरविल्या व पहिल्या पारितोषिकाची रक्कम एक हजार डॉलर ठेवली. रंग आता यंत्राने भरले जाऊ लागले. साहजिकच ते हाताने भरणाऱ्यांचे काम गेले.

तथापि याच छपाईने घरगुती पत्रनिर्मितीला एक नवे साहित्य दिले, ते म्हणजे कापचित्रे. बर्लिन व जर्मनीतील इतर मुद्रणकेंद्रांत फुले, देवदूत, पक्षी, बर्फाच्छादित घरे यांचे ताव रंगीत छापून, त्यांवर जिलेटिनचा वा डिंकाचा तकतकीत थर देऊन, डायने उठाव आणून शेवटी धारदार डायने कडा कापल्या जात. चित्रे सुटी पडू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये अरुंद पट्ट्या राखलेल्या असत व त्या पट्ट्यांवर कारखान्याचे नाव छापलेले असे. चित्रे कात्रीने सोडवून मुले ती वहीत चिकटवीत किंवा त्यांची पत्रे करून पाठवीत. आज बाजारातून छापील कापचित्रे आणून पत्र करणारी व्यक्ती नेमके तेच करते. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) ब्रिटनला होणारा जर्मन मालाचा पुरवठा तुटला आणि या धंद्याची घडी विसकटली.

बर्फाच्या चकाकीसाठी काचेची वा अभ्रकाची पूड गोंदावर भुरभुरविण्याची पद्धतही याच काळातील. ही पूड हाताळणाऱ्या टपालकर्मचाऱ्यांच्या बोटांना इजा करी. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेसारख्या देशांत अशी पत्रे उघडी न पाठविता पाकिटातूनच पाठवावीत, असे निर्बंध आले. चित्रांतील विषयांबाबत सांगावयाचे तर ब्रिटिश नाताळपत्रांवर हमखास आढळणारा लाल छातीचा रॉबिन पक्षी केवळ हिवाळ्यातील पक्षी म्हणून आलेला नाही. व्हिक्टोरिया काळातील टपालवाल्यांचा गणवेश लाल असल्याने त्यांनाच ‘रॉबिन’ म्हणत. चोचीत पत्र धरलेला पक्षी हा वस्तुतः त्या टपालवाल्यावरील विनोद होय.

ठसे : ठशांनी चित्र उमटविण्याची कला नाताळपत्रांहून फार जुनी असली, तरी रबरी ठसा ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची देणगी आहे. चार्ल्‌स गुडइयर (१८००–६०) यांनी रबराच्या व्हल्कनीकरणाचे एकस्व १८४४ मध्ये घेतले, त्यानंतर सु. दोन दशकांनी अमेरिकेत रबरी शिक्के वापरात आले. त्यांच्या शोधाचे श्रेय अनेकांनी सांगितले आहे. शंभर वर्षे हे शिक्के मुख्यतः कचेऱ्यांत व लहान मुलांच्या खेळण्यांत राहिले. १९७० नंतर अमेरिकेत चित्रकार मंडळींनी टपालाने परस्परांना पाठवावयाच्या कलाकृतींत त्यांचा वापर केला आणि त्यातून चित्रमय ठसे बनविणारे छोटे कारखाने निघाले. पुढे पारदर्शक लवचिक ठसे आले. त्यांतून खालचा कागद दिसत असल्याने आकृती नेमकी कोठे पडेल हे आधी पाहता येते.

ठशाच्या कामात शाईची निवड निर्णायक ठरते. रंगद्रावाची पातळ शाई कागदात मुरते व लगेच वाळते. रंगकणांची दाट शाई पृष्ठभागावर सावकाश वाळते. दुसऱ्या प्रकारच्या ओल्या शाईवर राळेसारख्या वितळणाऱ्या द्रव्याची बारीक पूड टाकून, जादा पूड झटकून, उष्ण हवेच्या झोताने तापविल्यास ती वितळून चकचकीत उंचवटा तयार होतो. लग्नपत्रिका छापणाऱ्यांना ही युक्ती अपरिचित नाही. पांढरी पूड गडद निळ्या कागदावर वापरल्यास बर्फाचा स्फटिक जितका स्वच्छ उमटतो, तितका तो ब्रशाने काढणे निष्णात चित्रकारालाही कठीण आहे. कागद मात्र पुरता कोरडा हवा. दमट हवेत पूड नको तेथेही चिकटते व चित्राभोवती ठिपक्यांची धूळ राहते; हा दोष झाकता येत नाही.

ठसा विकत घ्यावाच लागतो असे नाही. लिनोलियमचा तुकडा, खोडरबर किंवा कापलेला बटाटा यांवर आकृती कोरता येते. भेंडीच्या आडव्या कापाने फूल उमटविणे हा महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांच्या चित्रकलेच्या तासाचा नेहमीचा भाग आहे. जपानमध्ये नववर्षाच्या पत्रांसाठी बटाट्याचे व रताळ्याचे ठसे वापरण्याची प्रथा आहे.

स्टेन्सिल : जाड कागदात वा पातळ पत्र्यात आकृती कापून, तो कागदावर ठेवून मोकळ्या जागेतून रंग लावणे, हे स्टेन्सिलचे तत्त्व. दारापुढे रांगोळी काढताना वापरावयाचा छिद्रांचा पत्रा किंवा मथुरेच्या सांझी कलेतील कातरलेले कागदी खाके यांचे तत्त्वही हेच होय. स्टेन्सिलची मूळ अडचण अशी, की वर्तुळाच्या आत दुसरे वर्तुळ कापल्यास मधला तुकडा गळून पडतो. तो धरून ठेवण्यासाठी अरुंद जोड राखावे लागतात. चांगल्या स्टेन्सिलमध्ये हे जोड चित्राचाच भाग होतात. देवदाराची फांदी, बर्फाचा स्फटिक, खिडकीच्या चौकटी हे विषय स्टेन्सिलला इतके साधतात, ते त्यांची रचना मुळातच तुटक असल्यामुळे. जपानी कारागिरांनी तुतीच्या सालीचे कागद पर्सिमन फळाच्या तुरट रसाने एकमेकांवर चिकटवून कापडछपाईची स्टेन्सिले केली व नाजूक भाग रेशमी धाग्यांनी बांधले. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत पुस्तके व फॅशनची चित्रे स्टेन्सिलने हाताने रंगविण्याची कला भरभराटीस आली. अमेरिकेतही त्या सुमारास छापील रेषांवर स्टेन्सिलने रंग भरलेली नाताळपत्रे विकली जात. प्रँगच्या वीस दगडांनंतर ग्राहक पुन्हा हाताच्या रंगाकडे वळला, ही घटना लक्षणीय आहे. यंत्राची सफाई सर्वत्र झाल्यावर किंचित असमान रंगाला मोल आले.

स्टेन्सिलमधून रंग लावताना ब्रश जवळजवळ कोरडा असावा लागतो. ओला रंग कडेखाली शिरून रेषा बिघडवितो. रंगाऐवजी घट्ट लेप सुरीने पसरून स्टेन्सिल उचलल्यास बर्फासारखा उठाव मिळतो. याउलट पद्धतही आहे : टेकडीचा आकार कागदाने झाकून वरच्या भागात निळा रंग देणे. झाकलेला कोरा कागद मग आपोआप बर्फ बनतो. हिवाळी देखाव्यात कोरा कागद हाच सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उत्तम रंग होय. नवशिकी मंडळी तो भरून टाकण्याची घाई करतात.

जपानमधील नववर्षपत्रे : स्टेन्सिलचा सर्वाधिक घरगुती प्रसार नाताळच्या नव्हे, तर जपानी नववर्षाच्या पत्रांमुळे झाला. जपानमध्ये टपालपत्र १८७३ मध्ये आले. १ जानेवारीस एकदम वाटण्यासाठी नववर्षपत्रे आधीच स्वीकारण्याची व्यवस्था १८९९ मध्ये सुरू झाली आणि १९४९ पासून सोडतीचा क्रमांक असलेली पत्रे निघू लागली. प्रत्येक कुटुंब डझनावारी पत्रे पाठवी व त्यांवर त्या वर्षाचे राशिचक्रातील प्राणिचित्र स्वतः काढण्याचा प्रघात होता. ही गरज ओळखून रिसो या कंपनीने १९७७ मध्ये ‘प्रिंट गोक्को’ हे छोटे घरगुती छपाईयंत्र बाजारात आणले. कार्बनयुक्त शाईने काढलेल्या चित्रावर उष्णतासंवेदी पटल ठेवून दिव्याचा झगमगाट केला, की रेषांवरील पटल वितळून बारीक छिद्रे पडत व स्टेन्सिल तयार होई. त्यावर निरनिराळे रंग एकाच वेळी पिळून एकामागून एक पत्रे दाबून काढता येत. घरोघरच्या संगणक व मुद्रकांपुढे ते टिकले नाही. २००८ मध्ये यंत्राची विक्री व २०१२ मध्ये त्याच्या साहित्याचा पुरवठा थांबला. नववर्षपत्रांची संख्याही घसरली आहे : २००४ च्या नववर्षासाठी सु. ४४५ कोटी पत्रे काढण्यात आली होती, २०२५ साठी सु. १०७ कोटी.

छंदाचा विस्तार : यूरोप-अमेरिकेत घरी डाय वापरणे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शक्य नव्हते. पोलादी पट्टी लाकडात बसवून केलेले डाय जड व महाग असत. ते छापखान्यांत व १९७० नंतर अमेरिकी शाळांतील अक्षरे कापण्याच्या यंत्रांत वापरले जात. २००० नंतर हाताने फिरवावयाची रुळांची छोटी यंत्रे आणि रसायनाने कोरून केलेले पोलादाचे अत्यंत पातळ डाय आले. डाय व कागद दोन पट्ट्यांमध्ये ठेवून रुळांतून काढले, की देवदाराचे झाड किंवा हरिण अचूक कापून निघते. थर लावून उंच केलेली, उघडताच उभी राहणारी पत्रे त्यामुळे सुलभ झाली. त्यांनी टपालाचा एक नवाच प्रश्न उभा केला. ब्रिटनमध्ये २००६ पासून टपालदर वजनासोबत आकारावरही ठरतो व ५ मिमी. हून जाड पत्राला मोठ्या पत्राचा दर पडतो. म्हणून तेथील कारागीर फितीची गाठसुद्धा मोजून बांधतात.

ठशाचे चित्र ज्याने काढले त्याचे हक्क आणि त्यापासून पत्रे करून विकणाऱ्याचे हक्क यांबाबत अनेक ठसेउत्पादकांनी आपापले नियम जाहीर केले आहेत. प्रत्येक प्रत हातानेच उमटविलेली असावी, तिची यांत्रिक नक्कल करू नये, ही अट त्यांत बहुधा असते. हस्तनिर्मितीची व्याख्या येथे सौंदर्यशास्त्राने नव्हे, तर परवान्याने केली आहे. खर्चाच्या दृष्टीने हिशेब उलटा झाला आहे. एकोणिसाव्या शतकात पत्रावरील हस्तकाम गरजू स्त्रिया मजुरीसाठी करीत व ऐपतदार लोक ते विकत घेत; एकविसाव्या शतकात ऐपतदार व्यक्तीच डाय, ठसे, कागद यांवर खर्च करून ते काम स्वतः करते आणि तिचे पत्र दुकानातील पत्राहून महाग पडते. छपाईचे पत्र स्वस्त झाल्यावर श्रम हीच भेट ठरली. ज्याला हे पत्र जाते त्यानेही पाठविणाऱ्याची एक संध्याकाळ त्यात गेली, हेच पाहावे अशी अपेक्षा असते.

महाराष्ट्रात नाताळपत्रांच्या जोडीनेच हिवाळ्यातील एक स्वतंत्र प्रथा रूढ झाली, ती मकरसंक्रांतीच्या भेटपत्रांची. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हा मजकूर व पतंग, हलवा यांची चित्रे असलेल्या छोट्या पत्रांसोबत चिमूटभर तिळगूळ पाकिटात घालून परगावी पाठविला जाई. मुले अशी पत्रे वहीच्या पुठ्ठ्यावर घरीही करीत. पुण्यातील हातकागद संस्थेने (स्थापना १९४०) केलेल्या कागदामुळे जाड, खरखरीत पोताचा कागद येथे उपलब्ध झाला. अशा कागदावर ठसा अर्धवट उमटतो, पण उठावाचा डाय चांगला बसतो. दूरध्वनी व त्यानंतर भ्रमणध्वनी घरोघर आल्यावर संक्रांतीची पत्रे झपाट्याने कमी झाली.

यूरोपातही पत्रांचे भवितव्य टपालाशी बांधलेले आहे. एका पेनीच्या टपालावर जन्मलेल्या ब्रिटिश नाताळपत्राला एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्गाच्या टपालासाठी १·७० पौंड लागू लागले. डेन्मार्कच्या राष्ट्रीय टपालसंस्थेने त्या वर्षअखेरीस पत्रवाटप बंद करण्याचा निर्णय मार्च २०२५ मध्ये जाहीर केला. घरी पत्रे करणाऱ्यांपैकी अनेक जण म्हणूनच ती टपालात न टाकता भेटीच्या वेळी हातोहात देतात; तसे केले, की फितीची गाठ मोजावी लागत नाही.